सायटोक्रोम : एका संज्ञेचा इतिहास

शास्त्रीय संज्ञा वस्तूचे केवळ नाव सांगत नाही; पुष्कळदा ती वस्तूविषयीचे मतही सांगते. मत बदलले की संज्ञेची कसोटी लागते. ‘सायटोक्रोम’ या संज्ञेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

इंग्लंडातील वुल्व्हरहॅम्प्टन येथील वैद्य चार्ल्स मॅकमन यांना १८८४ ते १८८६ या काळात प्राण्यांच्या स्नायूंच्या व इतर ऊतींच्या वर्णपटात चार काळे पट्टे आढळले. त्या रंजकद्रव्यांना त्यांनी ‘मायोहीमॅटिन’ व ‘हिस्टोहीमॅटिन’ अशी नावे दिली. ग्रीक ‘हायमा’ म्हणजे रक्त. हे रक्तातील हीमोग्लोबिनाचेच विघटित रूप होय, असा आक्षेप १८९० साली हॉपे-सायलर यांनी घेतला. त्यांचा अधिकार मोठा. मॅकमन यांचा शोध मागे पडला. १९११ साली ते वारले, तेव्हाही त्यास मान्यता नव्हती.

१९२५ साली केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन यांना तेच पट्टे कीटकांत, यीस्टमध्ये व जीवाणूंतही दिसले. यीस्ट हवेत घुसळताच पट्टे लोपत, स्थिर ठेवताच पुन्हा उमटत. यीस्टला रक्त नसते; आक्षेप निकालात निघाला. केलिन यांनी ‘सायटोक्रोम’, म्हणजे केवळ ‘पेशीरंजक’, असे नाव सुचविले. तेही द्रव्याची घटना निश्चित होईपर्यंत.

प्राणवायूवाचून जगणाऱ्या जीवाणूंत सायटोक्रोम नसतो, असा पुढे समज रूढ झाला. १९५४ साली इंग्लंडात जॉन पोस्टगेट यांना व जपानात इशिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो डिसल्फोव्हिब्रिओ या जीवाणूत स्वतंत्रपणे सापडला. हा जीवाणू प्राणवायूऐवजी सल्फेटचा उपयोग करून हायड्रोजन सल्फाइड निर्माण करतो. त्याच्या ‘सायटोक्रोम सी-३’ या छोट्या प्रथिनात चार हीम असतात; प्रत्येकातील लोहाणूस दोन्ही बाजूंनी हिस्टिडीन धरून असते. प्राण्यांच्या सायटोक्रोम सी मध्ये हीम एकच, आणि एका बाजूस हिस्टिडीन तर दुसऱ्या बाजूस मेथिओनीन. प्राण्यांतील प्रथिनाचे विभव सुमारे +०.२५ व्होल्ट, तर सी-३ मधील हीमांचे ऋण असते. म्हणूनच हायड्रोजनापासून निघालेले इलेक्ट्रॉन स्वीकारून ते सल्फेटच्या क्षपणाकडे पोचविणे त्यास साधते.

आपण ‘श्वसनरंजक’ असा प्रतिशब्द योजला असता, तर श्वास न घेणाऱ्या या जीवाणूपाशी तो अडखळला असता. ‘पेशीरंजक’ अडखळत नाही. मॅकमन यांच्या नावात रक्ताविषयीचे मत होते. केलिन यांच्या नावात जेवढे दिसले तेवढेच होते. परिभाषा घडविणाऱ्याने हा संयम ध्यानी ठेवावा.