पीडितेची साक्ष व न्यायनिर्णय

अत्याचाराची तक्रार गांभीर्याने ऐकून आधार देणे आणि आरोपीचा दोष ठरवणे ही दोन वेगळी कामे, दुसरे न्यायालयाचे. महाराष्ट्रात हा प्रश्न देसाईगंज पोलीस ठाण्यात एका मुलीवर झालेल्या बलात्काराच्या १९७२ च्या प्रकरणाने ऐरणीवर आणला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी धरले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुलीच्या अंगावर जखमा नसल्याकडे बोट दाखवत, त्यांना सोडले. या निकालाविरोधात उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार व वसुधा धगमवार या कायद्याच्या अभ्यासकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. निकाल बदलला नाही, कायदा बदलला. १९८३ पासून कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालय ते गृहीत धरते. आरोपीला ते खोडून काढता येते, हे मात्र सोयीने विसरले जाते.

हाच भेद कामाच्या ठिकाणच्या तक्रारींतही आहे. पिंपरी-चिंचवड व चाकणच्या कारखान्यांना २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा लागू आहे. कंत्राटी आणि शिकाऊ कामगारही त्यात येतात. दहापेक्षा कमी माणसांच्या वर्कशॉपमधील स्त्रीने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. चौकशीची मुदत ९० दिवस. तक्रार सिद्ध करता आली नाही, एवढ्यावरून तक्रारदार स्त्रीवर कारवाई करण्याची गरज नाही, असे कलम १४ सांगते.