कॉफीचा पेला, चहाची कपबशी आणि संशयाची सुई

स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड व आइसलँड या देशांतील रहस्यकथांमध्ये खुनाइतकीच हमखास आढळणारी गोष्ट म्हणजे कॉफी. चौकशीसाठी दारात आलेल्या पोलिस अधिकाऱ्याला घरातील माणसे आधी कॉफी विचारतात आणि मग प्रश्नांची उत्तरे देतात. रायगडच्या किनारपट्टीवर, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रात, हा मान चहाकडे आहे. विशेष म्हणजे ही दोन्ही पेये आपापल्या समाजात एकेकाळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती.

तपास अधिकारी आणि कॉफी

माय श्योवाल आणि पेर वालो या स्वीडिश लेखक जोडीने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या पोलिस अधिकाऱ्यावर दहा कादंबऱ्या लिहिल्या. बेकला पोटाचा विकार. तरीही कॉफीपासून त्याची सुटका नाही. हेनिंग मँकेल यांचा कुर्ट वॅलँडर १९९१ मध्ये वाचकांसमोर आला. ईस्टाड या किनाऱ्यावरील लहानशा गावात काम करणारा हा अधिकारी अपुरी झोप, अवेळी खाणे आणि कॉफी यांवर दिवस काढतो. पुढे त्याला मधुमेह जडतो. स्टीग लार्सन यांच्या निधनानंतर २००५ पासून प्रसिद्ध झालेल्या तीन कादंबऱ्यांत तर पात्रे इतक्या वेळा कॉफी करतात, की समीक्षकांनाही त्याची दखल घ्यावी लागली.

कथेच्या दृष्टीने या कॉफीला निश्चित काम असते. पाणी उकळेपर्यंत तपास अधिकाऱ्याला घर न्याहाळता येते आणि साक्षीदाराला शब्दांची जुळवाजुळव करता येते. पोलिस व नागरिक एकाच टेबलाशी बसतात, म्हणून चौकशीला संभाषणाचे रूप येते. कॉफी विचारलीच नाही, तर तेही वाचकाच्या नजरेतून सुटत नाही.

बंदीपासून 'फिका'पर्यंत

आज कॉफीवर जगणाऱ्या स्वीडनमध्ये १७५६ मध्ये तिच्यावर बंदी आली. परदेशी मालापोटी देशाबाहेर जाणारा पैसा राज्यकर्त्यांना सलत होता. त्यानंतर १८२० च्या दशकापर्यंत ही बंदी अनेकदा उठली आणि पुन्हा लादली गेली. लोक मात्र चोरून कॉफी पीतच राहिले. पुढे एकोणिसाव्या शतकातील दारूबंदीच्या चळवळीने कॉफीला मद्याचा सभ्य पर्याय म्हणून उचलून धरले आणि कालचे निषिद्ध पेय प्रतिष्ठित झाले.

कामाच्या ठिकाणी सर्वांनी हातातले काम थांबवून कॉफी आणि गोड पावासोबत एकत्र बसण्याच्या प्रथेला स्वीडनमध्ये 'फिका' म्हणतात. कॉफीसाठीच्या 'काफ्फी' या जुन्या शब्दातील अक्षरांची उलटापालट होऊन तो तयार झाला, असे मानले जाते. साहेब आणि कारकून यांनी एकत्र बसणे हे या प्रथेचे मर्म आहे.

अलिबागचे जोशी, पुण्याचा चहा

स्वीडनमध्ये जे राजाज्ञेने घडले, ते महाराष्ट्रात धर्माज्ञेने घडले. त्या प्रकरणाचे सूत्रधार होते गोपाळराव जोशी, डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती. टपाल खात्यातील नोकरीनिमित्त ते काही काळ अलिबागला होते आणि आनंदीबाईंचे सुरुवातीचे शिक्षणही तेथे झाले. आनंदीबाईंच्या निधनानंतर तीन वर्षांनी, ऑक्टोबर १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली. तेथे चहा-बिस्किटे देण्यात आली. कोणी चहा घेतला, तर कोणी नुसताच पुढ्यात ठेवला. गोपाळरावांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' या पत्रात छापून आणली आणि गहजब उडाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बाळ गंगाधर टिळक हे दोघेही त्या यादीत होते.

तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली. मिशनऱ्यांच्या हातचा चहा कोणी प्यायला, हाच तपासाचा विषय होता. आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याची भूमिका टिळकांनी मांडली. रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्यामुळे सुधारक नाराज झाले.

कोणी, कुठे, कोणाबरोबर?

पुण्यातील मंडळींची सुटका प्रायश्चित्तावर झाली. ज्यांना पाण्यालाही हात लावू दिला जात नव्हता, त्यांचा लढा याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील महाड येथे उभा राहिला. नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले होते, पण ते कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि वाद न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला तो १९३७ मध्ये, म्हणजे तब्बल दहा वर्षांनी. हॉटेलातील वेगळ्या कपबशीची प्रथा मात्र त्यानंतरही टिकली. दलित आत्मकथनांतून तिच्या नोंदी सापडतात.

किनाऱ्यावरचा कप

आज अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे दिवसाची सुरुवात चहानेच होते. गवती चहाची पात, आले, क्वचित दुधाविना कोरा चहा, असे त्याचे घरगुती प्रकार. कॉफी येते ती बहुधा पाहुण्यांसाठी किंवा रात्रीच्या जागरणाला, भरपूर दूध, वेलची आणि जायफळ घालून. त्यातले जायफळ कोकणातील नारळ-सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून घेतले जाते. शनिवार-रविवारी मांडव्याच्या बोटीने येणाऱ्या मुंबईकरांमुळे यंत्रावरची कॉफीही आता येथे रुळली आहे.

मराठी भाषेनेही चहाला बहुमान दिला आहे आणि बदनामही केले आहे. विधिमंडळ अधिवेशनाच्या पूर्वसंध्येला मुख्यमंत्री चहापानाचे निमंत्रण देतात आणि विरोधक त्यावर बहिष्कार टाकून आपली भूमिका जाहीर करतात. सरकारी कार्यालयात 'चहापाण्याचे बघा' असे कोणी म्हटले, की त्याचा चहाशी काहीही संबंध नसतो. तो थेट लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या अखत्यारीतला विषय ठरतो.