येणारी जोडणी स्वीकारणारा सर्व्हर : वागळे इस्टेट, ठाणे

बाहेरून आलेली जोडणी सर्व्हरपर्यंत पोहोचावी आणि त्याने ती स्वीकारावी, यासाठी संगणकावरची सेवा, फायरवॉल, राउटर आणि इंटरनेट पुरवठादार अशा चार ठिकाणी करावी लागणारी मांडणी. बोलीत या सगळ्याला ‘पोर्ट ओपन करणे’ म्हणतात. प्रत्यक्षात पोर्ट उघडणे हा त्यातला एक भाग आहे, आणि बहुतेक वेळा सर्वांत सोपा.

ठाण्यातील वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (एमआयडीसी, स्थापना १ ऑगस्ट १९६२) सर्वांत जुन्या वसाहतींपैकी एक. तिथे जुने कारखाने आणि नवे आयटी पार्क शेजारी-शेजारी आहेत. आयटी पार्कमधल्या कंपन्यांकडे या कामासाठी पगारी माणसे असतात, त्यामुळे ही नोंद मुख्यतः गाळ्यांतल्या उद्योगांविषयी आहे. पोटमाळ्यावर ऑफिस, कोपऱ्यात टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामचा संगणक, त्याच्या वर कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, दाराशी बोटाच्या ठशाचे हजेरी मशीन. मालक डोंबिवलीला राहतो, हिशेब पाहणारा कल्याणहून काम करतो, आणि दोघांनाही घरून गाळ्यातला संगणक उघडायचा असतो.

इंटरनेटवरचा आयपी पत्ता ही इमारत धरली, तर पोर्ट हा गाळा नंबर. पोर्टचे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. वेबसाठी ८० व ४४३, दूरच्या यंत्रात लॉगिन करण्याच्या एसएसएचसाठी २२, विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपसाठी ३३८९ हे क्रमांक ठरलेले आहेत. टॅली मूळ मांडणीत ९००० वापरते आणि बाजारातली बरीच हजेरी मशीन ४३७० वापरतात. सर्व्हरवरचा प्रोग्राम आधी सॉकेट तयार करतो, त्याला पत्ता व पोर्ट बांधून देतो, मग ऐकत बसतो आणि आलेली जोडणी स्वीकारतो. सॉकेट, बाइंड, लिसन, ॲक्सेप्ट हा क्रम १९८३ साली ४.२ बीएसडी या युनिक्सबरोबर आला आणि आजही जवळपास तसाच आहे.

पहिली अडचण बाइंडच्या पायरीवर येते. सेवा १२७.०.०.१ या पत्त्याला बांधलेली असेल, तर ती फक्त त्याच संगणकावरून येणारी हाक ऐकते. शेजारच्या टेबलावरच्या संगणकालाही ती दिसत नाही. ०.०.०.० ला बांधली, तर ती यंत्राच्या सर्व नेटवर्क कार्डांवर ऐकते. पोस्टग्रेससारखा डेटाबेस मूळ मांडणीत मुद्दाम पहिल्या प्रकारे बसवलेला असतो, आणि ते योग्यच आहे. डेटाबेस वापरणारा प्रोग्राम त्याच यंत्रावर असेल, तर ही मांडणी बदलण्याचे काही कारण नाही.

दुसरा टप्पा फायरवॉलचा. विंडोज एक्सपीच्या ऑगस्ट २००४ मधल्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून विंडोजची फायरवॉल मुळातच चालू असते आणि न मागितलेली येणारी जोडणी अडवते. तिथे एका पोर्टपुरती किंवा एका प्रोग्रामपुरती परवानगी द्यायची असते. घाईत फायरवॉलच बंद करून टाकण्याची सवय गाळ्यागाळ्यांत दिसते. तिचा फायदा त्या संध्याकाळपुरता असतो आणि धोका पुढची कित्येक वर्षे राहतो.

काम अडले की कुठे अडले, हे उत्तराच्या प्रकारावरून कळते. जोडणी तत्काळ नाकारली गेली, तर विनंती बहुधा यंत्रापर्यंत पोहोचली आहे. पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही, म्हणजे सेवा बंद आहे किंवा चुकीच्या पत्त्याला बांधलेली आहे. काहीच उत्तर न येता वेळ संपली, तर विनंती वाटेत फायरवॉलने किंवा राउटरने टाकून दिली आहे, किंवा पत्ताच चुकला आहे. एवढा भेद लक्षात घेतला तरी निम्मी धावपळ वाचते. चाचणीही बाहेरूनच करावी. ऑफिसच्या वायफायवर बसून स्वतःचाच बाहेरचा पत्ता उघडू पाहिला, तर अनेक राउटर ती विनंती आत वळवत नाहीत, आणि नीट चालणारी मांडणीही बिघडलेली वाटते. फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून पाहिले की खरे चित्र दिसते.

तिसरा टप्पा राउटरचा. गाळ्यातल्या यंत्रांचे पत्ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले असून ते बाहेरच्या जगात चालत नाहीत. बाहेरून अमुक पोर्टवर आलेले आतल्या अमुक यंत्राकडे द्यावे, असे राउटरला सांगावे लागते. हेच पोर्ट फॉरवर्डिंग. त्याआधी आतल्या यंत्राचा पत्ता राउटरमध्ये कायम करून घ्यावा. नाहीतर एखाद्या दिवशी वीज जाऊन आली की तो पत्ता हजेरी मशीनला मिळतो आणि टॅलीची वाट तिकडे जाते. पुरवठादाराचा फायबरचा डबा आणि आपला राउटर हे दोन्ही आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलत असतील, तर फॉरवर्डिंग दोन ठिकाणी करावे लागते, किंवा पुरवठादाराकडून डबा ब्रिज पद्धतीवर, म्हणजे पत्ते न बदलता जोडणी पुढे देण्यावर, टाकून घ्यावा लागतो.

आज खरे काम चौथ्या, म्हणजे पुरवठादाराच्या टप्प्यावर थांबते, आणि त्याला इतिहास आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोजक्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. ते टेलिफोनवरून डायल करायचे असे. लाइन लागेल तेवढाच वेळ जोडणी, त्यामुळे घरून किंवा गाळ्यातून सर्व्हर चालवण्याचा प्रश्नच नव्हता. २००४ च्या धोरणाने २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटले, आणि २००५ पासून ठाण्यात एमटीएनएलचे ट्रायबँड तर कल्याण-डोंबिवलीत बीएसएनएलचे ब्रॉडबँड आले. एकाच लोकलच्या मार्गावरची ही शहरे दूरध्वनीच्या हिशेबाने दोन वेगळ्या सरकारी कंपन्यांकडे होती. त्या मोडेमला पत्ता मिळे तो सार्वजनिक असे. तो अधूनमधून बदले, पण डायनॅमिक डीएनएसच्या सेवेवर एक नाव घेऊन ठेवले की बदललेला पत्ता त्या नावामागे आपोआप जाई. वेग तुटपुंजा होता, तरी बाहेरून आत येता येत असे.

मग पत्तेच संपले. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत ३२ बिटांचे सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. जागतिक साठ्यातले शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले, आणि आशिया-पॅसिफिकचा साठा १५ एप्रिल २०११ रोजी शेवटच्या राखीव गटावर आला. त्यानंतर वाढलेल्या पुरवठादारांनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटायला सुरुवात केली. या वाटपासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा वेगळा काढण्यात आला. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता या पट्ट्यात किंवा १० ने सुरू होणारा दिसला, तर पत्ता सामायिक आहे असे समजावे. मग आपल्या राउटरवर कितीही फॉरवर्डिंग केले तरी उपयोग नाही, कारण बाहेरून आलेली विनंती पुरवठादाराच्या यंत्राशीच थांबते. ट्रायबँडच्या शेकडो पट वेगाची फायबर आज गाळ्यात असते, पण त्या मंद लाइनवर जे करता येई ते तिच्यावर करता येत नाही. लहान उद्योजकाच्या बाबतीत हे खरोखर नुकसान आहे, आणि लाइन विकताना ते त्याला क्वचितच सांगितले जाते.

यावर तीन मार्ग आहेत. वार्षिक पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा सार्वजनिक पत्ता, घ्यायचा. किंवा आयपीची सहावी आवृत्ती वापरायची. तिच्यात १२८ बिटांचे पत्ते आहेत, प्रत्येक यंत्राला स्वतःचा मिळू शकतो आणि भारतात तिचा वापर मोठा आहे. मात्र बाहेरून पाहणाऱ्याकडेही ती असावी लागते, आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये परवानगी द्यावीच लागते. तिसरा मार्ग म्हणजे दिशा उलटी करणे. गाळ्यातला संगणक स्वतःहून बाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरशी जोडणी करतो आणि मालक त्या जोडणीतून आत येतो. एसएसएचच्या उलट्या बोगद्याने किंवा वायरगार्डसारख्या व्हीपीएनने हे होते. वायरगार्ड मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आले. राउटरमध्ये एकही पोर्ट उघडावे लागत नाही, सामायिक पत्ताही आड येत नाही. गाळ्यातल्या उद्योगाला बहुतेक वेळा हाच मार्ग योग्य. दोन-तीन ओळखीच्या माणसांना आत यायचे असेल, तर सगळ्या जगाला दिसेल असे पोर्ट उघडण्याची गरज नसते. ठरलेल्या क्रमांकाऐवजी दुसराच क्रमांक दिल्याने सेवा लपते, हा समज खोटा आहे. चौथ्या आवृत्तीचे सर्व पत्ते सतत तपासणारे प्रोग्राम जगभर चालू असतात आणि ते ठरलेल्या क्रमांकांखेरीज इतर क्रमांकही पाहतात.

उघड्या पोर्टचे काय होते, याची उदाहरणे दूरची नाहीत. मिराई नावाच्या प्रोग्रामने २०१६ साली कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्याकडून झालेल्या माऱ्यात जगातल्या मोठ्या संकेतस्थळांची सेवा कोलमडली. त्यातला प्रत्येक कॅमेरा कोणाच्या तरी घरात, दुकानात किंवा गाळ्यात लावलेला होता. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा प्रोग्राम फाइल वाटपाच्या ४४५ पोर्टवरून पसरला. त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या या तशाच प्रोग्रामने जागतिक जहाज कंपनी मर्स्कला गाठले आणि तिच्या समूहाकडे असलेले उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले टर्मिनल ठप्प झाले. २१ मार्च २०२१ रोजी खुद्द एमआयडीसीच्या सर्व्हरवर खंडणी मागणारा हल्ला होऊन मुख्यालयासह प्रादेशिक कार्यालयांचे संगणकीय काम थांबले. या घटनांमध्ये आत शिरण्याच्या वाटा सारख्या नव्हत्या. तरीही बाहेरून गाठता येणारी, जुनी आणि दुरुस्त्या न केलेली सेवा ही अशा हल्ल्यांची नेहमीची वाट आहे, आणि रिमोट डेस्कटॉपचे उघडे ३३८९ पोर्ट हे तिच्यातल्या सर्वांत वापरल्या जाणाऱ्या दारांपैकी एक. हिशेबाचा संगणक या पोर्टवर थेट इंटरनेटला जोडू नये. यात तडजोड नाही.

सार्वजनिक संकेतस्थळ किंवा ग्राहकांसाठीची सेवा असेल, तर पोर्ट उघडावेच लागते. तिथे ४४३ वर जोडणी सांकेतिक करणारे टीएलएस असावे. लेट्स एन्क्रिप्टमुळे त्याचे प्रमाणपत्र २०१५ पासून मोफत मिळते. एसएसएचसाठी पासवर्डऐवजी किल्लीची जोडी वापरावी. पण अशी सेवा गाळ्यात ठेवण्याचे कारणही आता फारसे उरलेले नाही. खाडीपलीकडे महापे-रबाळे पट्ट्यात मोठी डेटा सेंटर आहेत, ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेचा मुंबई विभाग जून २०१६ पासून चालू आहे. तिथल्या नव्या यंत्राची फायरवॉल मुळात कोणतीही येणारी जोडणी घेत नाही. हवे ते पोर्ट, हव्या त्या पत्त्यांसाठी, एकेक करून उघडावे लागते.

सर्व्हर गाळ्यातच ठेवला, तर विजेचा विचार मांडणीचाच भाग होतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी कळवा-पडघा वाहिन्यांतल्या बिघाडाने मुंबई आणि ठाण्यातली वीज गेली, तेव्हा यूपीएसच्या अर्ध्या तासाने काही निभावले नाही. वीज आल्यावर संगणक आपोआप सुरू होण्याची सोय बायोसमध्ये असते, ती चालू करावी. सेवेलाही यंत्राबरोबर सुरू होण्याची आज्ञा द्यावी. नाहीतर गाळा उघडून कोणी बटण दाबेपर्यंत डोंबिवलीत बसलेल्या माणसाला उत्तर मिळत नाही.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते, यंत्रांच्या नोंदी १८० दिवस भारतात जपायच्या असतात आणि घड्याळे सरकारी वेळेशी जुळवायची असतात. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांना तयारीसाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत होती. ती संपल्यापासून हे नियम त्यांनाही लागू आहेत. साध्या राउटरच्या नोंदी थोड्याच वेळात पुसल्या जातात किंवा बंद-चालू करताच जातात. म्हणून कोण, कधी, कोणत्या पत्त्यावरून आत आले याच्या नोंदी राउटरबाहेर, दुसऱ्या यंत्रावर साठवाव्या लागतात, आणि तो साठा हल्लेखोराच्या हाती न लागणाऱ्या खात्यात असावा लागतो. काम सोडून गेलेल्या माणसासाठी दिलेली परवानगी आणि विकून टाकलेल्या मशीनसाठी केलेले फॉरवर्डिंग त्याच दिवशी काढून टाकावे.