विहारातील गणपती : जुन्नरच्या लेण्यांत एकावर एक उभ्या असलेल्या श्रद्धा

१. अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाच्या दर्शनासाठी भाविक लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या चढतो. ज्या सभामंडपात तो हात जोडतो, तो मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार आहे. ७ क्रमांकाच्या या लेण्यात एकही खांब नाही. दोन्ही बाजूंना सात-सात आणि मागे सहा अशा २० खोल्या आहेत. मागच्या मधल्या दोन खोल्यांचे गणपतीचे देऊळ झाले.

२. शेजारचे ६ क्रमांकाचे लेणे चैत्यगृह आहे. ते कल्याणच्या सुलसदत्ताने दान दिल्याचे तेथील शिलालेख सांगतो. दाता कल्याणचा आणि लेणे जुन्नरला, यामागे नाणेघाट आहे. कोकणातील बंदरांचा माल या घाटाने जुन्नरला येई आणि पुढे प्रतिष्ठानकडे, म्हणजे पैठणकडे जाई.

३. नाणेघाटातील नागणिकेच्या लेखात सातवाहनांच्या अश्वमेधादी यज्ञांची नोंद आहे. संकर्षण आणि वासुदेव यांना वंदन आहे. त्याच वाटेवर बौद्ध संघालाही दाने मिळत होती. मानमोडीच्या डोंगरावर यवन चंदाचे दान कोरलेले आहे, तसेच क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचेही, वर्ष ४६ च्या उल्लेखासह. दात्यांत व्यापारी होते, परदेशी होते आणि राजाचे अधिकारीही होते.

४. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. पुढे व्यापार आणि राजाश्रय बदलले, भिक्षुसंघ ओसरला. रिकाम्या विहारांत नवी दैवते आली. लेण्याद्रीला गणपती आला, तुळजा लेण्यांत तुळजादेवी. मानमोडीचा एक गट अंबा-अंबिका या नावाने ओळखला जाऊ लागला. निजामशाहीची पहिली राजधानी जुन्नरला झाली, शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला, तोवर या डोंगरांवरील मूळ लेख वाचणारे उरले नव्हते.

५. याच्याशी ताडून पाहावे असे उदाहरण जपानच्या नारा या जुन्या राजधानीत सापडते (इ.स. ७१० ते ७८४). तेथे कोफुकुजी हे बौद्ध मंदिर आणि कासुगा हे शिंतो देवस्थान, दोन्ही फुजिवारा घराण्याच्या आश्रयाखाली वाढली. कासुगाच्या देवांपुढे भिक्षू सूत्रपठण करीत. शिंतो देव ही बुद्ध-बोधिसत्त्वांचीच रूपे, असा सिद्धांतही रूढ झाला.

६. १८६८ मध्ये मेइजी शासनाने दोन्ही धर्म वेगळे करण्याचा हुकूम काढला. कोफुकुजीचे भिक्षू कासुगाचे पुरोहित झाले आणि मठ ओस पडला. जपानभर असंख्य मूर्ती, ग्रंथ आणि इमारती नष्ट झाल्या. शतकानुशतके एकत्र नांदलेल्या श्रद्धा शासनाच्या आज्ञेने तोडल्या गेल्या.

७. म्हणून जुन्नरला ‘भारताचे नारा’ म्हणायचे काय? नाही. नारात दोन्ही श्रद्धा एकाच काळी जिवंत होत्या आणि त्यांच्यात देवाणघेवाण होती. लेण्याद्रीला एक श्रद्धा गेली आणि मग दुसरी आली. याला समन्वय म्हटले, तर निघून गेलेल्या भिक्षूंचा विसर पडतो. याला निव्वळ बळकावणे म्हटले, तर ज्या पिढ्यांच्या पूजेने हे लेणे राबते राहिले, त्या पिढ्यांचा विसर पडतो.

८. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर महाराष्ट्रातील लेणी बौद्धांसाठी पुन्हा श्रद्धास्थाने झाली. ‘हे कोणाचे?’ हा प्रश्न आता केवळ इतिहासाचा राहिला नाही. लेण्याद्री भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. त्यामुळे देवदर्शनाला येणाऱ्यालाही स्मारकाचे तिकीट काढावे लागते. देऊळ आणि स्मारक यांतील ताण त्या खिडकीपाशीच दिसतो.

९. या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर नाही. दगडावर मात्र क्रम स्पष्ट आहे. आधी सुलसदत्ताचे चैत्यगृह आणि भिक्षूंच्या खोल्या, नंतर गणपती. यांतील एकही थर पुसला, तर उरलेल्याचाही अर्थ हरवतो. १८६८ नंतर नाराने त्याची किंमत मोजली आहे.

१०. लेण्याद्रीला जाणाऱ्याने गणपतीसमोर हात जोडून झाल्यावर बाजूच्या भिक्षूंच्या खोल्यांत डोकवावे आणि चैत्यगृहावरचा ब्राह्मी लेख शोधावा. तेथे एका दात्याचे नाव सुमारे दोन हजार वर्षे वाचकाची वाट पाहत आहे.