पत्र हा आपला पुरावा आहे

"बाबासाहेबांना देवळात प्रवेशच हवा होता," असा मेसेज अधूनमधून फिरतो. त्याला ना तारीख, ना संदर्भ. आपली पोरं त्यावर रात्रभर वाद घालत बसतात. त्याचं उत्तर मात्र १९३४ सालीच दिलं गेलंय.

काळाराम मंदिर सत्याग्रह नाशिकला २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. चार वर्षांनी रामनवमीला तो पुन्हा करावा का, असा प्रश्न आला. ३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना 'नको' कळवलं. कारणही स्पष्ट दिलं. ही चळवळ मूर्तिपूजेसाठी नव्हती, मंदिरात गेल्याने समता येईल असंही त्यांना वाटत नव्हतं. समाजाला आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, तो जागा व्हावा, यासाठी ती होती. ते काम झालं, आता शक्ती शिक्षणात आणि राजकारणात लावा. येवल्याच्या घोषणेला तेव्हा दीड वर्षाहून जास्त अवकाश होता! हे पत्र जपलं गेलं नसतं, तर आपण आज कशाच्या जोरावर बोललो असतो?

पत्राची ताकद बाबासाहेब ओळखून होते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषणात बदल मागितले, त्यांनी नकार दिला, परिषद बारगळली. १९३६ मध्ये ते भाषण त्यांनी स्वतः छापलं आणि मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही सोबत दिला. शब्द कोणी फिरवला, हे वाचकानेच ठरवावं.

१९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना लिहिलं. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. त्या पत्रावर तारीख नाही. ड्यू बॉइस यांच्या उत्तरावर ३१ जुलै १९४६ आहे, म्हणून काळ कळतो. दोन्ही कागद मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात सांभाळलेले आहेत.

आणि आपल्याकडे? डोणगावात आम्ही जुन्या पत्रांची चौकशी करतो, तेव्हा बहुतेक घरी एकच उत्तर मिळतं, घर बांधताना पेटी रद्दीत गेली. कामाला मुंबईला गेलेल्या माणसाचं कार्ड शाळेत जाणाऱ्या पोराने वाचायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं. ज्यांना अक्षर नाकारलं होतं त्यांच्या घरातलं ते पहिलं लिखाण. पुढाऱ्यांची पत्रं ग्रंथात आली, या माणसांची कोण छापणार?

पेटी उरली असेल तर पाकीटसुद्धा फेकू नका, शिक्क्यावर गाव आणि तारीख असते. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कोणी कोणाला लिहिलं, हे सांगणारी आजी घरात असेल, तर ते आजच विचारून वहीत उतरवा.