मोरवडची आरती

१९३८ सालचे पहिले सहा-सात महिने तळोदा तालुक्यातल्या मोरवडकडे जाणाऱ्या वाटा सोमवारी माणसांनी भरून जात. सातपुड्यातून आणि तापीकाठच्या गावांतून भिल्ल बायाबापड्या तिथे आरतीला येत. न्हाऊनधुऊन, स्वच्छ कपडे घालून. समोर उभा असायचा त्यांच्यातलाच एक माणूस, रंजनपूरचे गुलाम महाराज. दारू सोडा, रोज आंघोळ करा, चोरी करू नका, जनावर मारू नका आणि एकमेकांना ‘आप’ म्हणा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

हे मागणं किती मोठं होतं, ते त्या काळच्या पश्चिम खानदेशात डोकावल्याशिवाय उमगत नाही. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला तेव्हापासून सरकारी कागदांत भिल्ल म्हणजे लुटारू. पुढे काळी जमीन सावकाराच्या आणि बड्या शेतकऱ्याच्या हाती गेली, आणि त्याच जमिनीवर भिल्ल सालदार म्हणून राबू लागला. सालदारीचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होई आणि पुढच्या आखाजीला संपे. लग्नासाठी, आजारपणासाठी नाहीतर पोटासाठी घेतलेली उचल वर्षभरात फिटत नसे. मग तोच मालक, तोच गोठा आणि पुन्हा नवं साल. अशा माणसाला कोणी ‘अरे’ खेरीज हाक मारत नसे. त्याने शेजारच्या सालदाराला ‘आप’ म्हणणं आणि त्यानेही उलटून ‘आप’ म्हणणं, यात गावगाड्याला हादरवण्याची ताकद होती.

दारूबंदीची हाक या मुलखाला अगदी नवी नव्हती. १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरातेत देवीची चळवळ उठली, तिचा वारा खानदेशच्या आदिवासी गावांपर्यंतही आला होता. अंगात आलेली देवी तेव्हा दारू-मांस सोडायला सांगत होती. मोरवडला मात्र एक माणूस स्वतःच्या वागण्यातून ते दाखवत होता. मोहाच्या फुलांची दारू भिल्लांच्या जन्मापासून मरणापर्यंतच्या प्रत्येक विधीत होती. ती सोडणं म्हणजे अर्धं जगणं बदलणं. तरीही हजारोंनी ती सोडली.

जुलै १९३८ मध्ये गुलाम महाराज गेले. हाती मिळाले होते जेमतेम काही महिने. पुढची धुरा त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी उचलली. जमाव वाढत राहिला तसं सरकार बिथरलं. बंदी आली, रामदास महाराजांवर जिल्ह्याबाहेर जाण्याची पाळी आली. आरती मात्र बंद पडली नाही.

एक मात्र स्पष्ट म्हटलं पाहिजे. या शिकवणीने माणूस ताठ उभा राहिला, पण गेलेली जमीन परत आली नाही. तो प्रश्न तीसेक वर्षांनी शहादा तालुक्यात अंबरसिंग सुरतवंती यांनी हाती घेतला. तेही भिल्ल, तेही भजनं गाणारे, म्हणून लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत. भजनाला जमलेल्या माणसांशी ते मजुरीबद्दल, उचलीबद्दल, गहाण पडलेल्या शेताबद्दल बोलू लागले. मोरवडने लावलेली एकत्र बसण्याची सवय इथे कामी आली, असं मला ठामपणे वाटतं.

मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला धान्यासाठी गेलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि एकजण ठार झाला. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली, पुण्या-मुंबईची शिकलेली तरुण मुलंही गावांत येऊन राहिली. अंबरसिंग १९७४ मध्ये तरुण वयातच वारले. आदिवासींची बिगर आदिवासींकडे गेलेली जमीन परत देण्याचा महाराष्ट्राचा कायदा १९७५ मध्ये अमलात आला. त्यात १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातले व्यवहार धरले होते; त्याआधीच्या पिढ्यांनी गमावलेली शेतं त्या मुदतीबाहेरच राहिली.

दारूचा धागा बायकांनी उचलला. शहाद्याच्या गावागावांतून आदिवासी बाया एकत्र निघाल्या, दारूच्या अड्ड्यांवर चालून गेल्या आणि मडकी फोडली. गुलाम महाराजांनी पिणाऱ्याला विनवलं होतं. या बायांनी गाळणाऱ्यालाही धारेवर धरलं. तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांनाही त्यांनी गावासमोर उभं करून जाब विचारला.