बाप्तिस्म्याला ‘करार’ का म्हणतात? आणि हा करार नेमका कोण कोणाशी करतं?

करार म्हटलं की आपल्याला स्टॅम्प पेपर आठवतो. अकरा महिन्यांचा भाडेकरार, दोघांच्या सह्या, साक्षीदार. एकाने अट मोडली की दुसरा मोकळा. मराठी बायबलचे दोन भागही ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ या नावांनीच ओळखले जातात. पण ख्रिस्ती लोक बाप्तिस्म्याला करार म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हा भाडेकरार नसतो.

‘बाप्तिस्मा’ हा शब्द ग्रीक भाषेतून आला. मूळ अर्थ बुडवणं. व्यक्तीला पाण्यात बुडवून किंवा तिच्या डोक्यावर पाणी घालून ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा’ यांच्या नावाने हा विधी होतो. आधी प्रश्नोत्तरं होतात. वाईटाचा त्याग करतोस का, ख्रिस्तावर विश्वास ठेवतोस का, असं विचारलं जातं. पाण्यात जाणं म्हणजे जुनं आयुष्य पुरणं आणि बाहेर येणं म्हणजे नवं आयुष्य, असा अर्थ पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात लावला आहे.

करार कुठे आला? जुन्या करारात देव अब्राहामाला वचन देतो आणि त्याची खूण म्हणून सुंता ठरते. ख्रिस्ती परंपरेतल्या अनेकांच्या मते नव्या करारात त्या खुणेची जागा बाप्तिस्म्याने घेतली. हिब्रू बायबल ग्रीकमध्ये नेणाऱ्यांनी करारासाठी बरोबरीच्या दोघांमधल्या तहाचा शब्द टाळला आणि ‘दियाथेके’ हा शब्द निवडला. याचा दुसरा अर्थ मृत्युपत्र! मृत्युपत्रात घासाघीस नसते. देणारा देतो, घेणारा स्वीकारतो. बाप्तिस्म्याच्या कराराचा स्वभाव बराचसा असाच आहे. पुढाकार देवाचा, माणसाने होकार द्यायचा आणि तसं जगायचं.

मग तान्ह्या बाळाचं काय? ते होकार कसा देणार?

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. त्याच वेळी त्यांची लहानगी मनोरमाही बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाली. आईने विचार करून शब्द दिला, मुलीच्या वतीने तो दुसऱ्यांनी दिला. कॅथलिक चर्च आणि अनेक प्रोटेस्टंट चर्च दोन्ही प्रकार मानतात. बॅप्टिस्टांना मात्र जाणत्या माणसाचाच बाप्तिस्मा मान्य. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झालं तेव्हा या दोन्ही मतांची मंडळी एकत्र येत होती. तोडगा सरळ होता: दोन्ही पद्धती चालतील.

पुढे रमाबाईंचे चर्चमधल्या वडीलधाऱ्यांशी खटके उडाले. आपण ख्रिस्ताला बांधील आहोत, बिशपांच्या प्रत्येक शब्दाला नाही, अशी त्यांची भूमिका होती. रेव्हरंड ना. वा. टिळक तर आणखी पुढे गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती. काही जणांना बाप्तिस्म्याची धास्ती वाटत होती ती पाण्याची नव्हे, घरदार आणि जात तुटण्याची, हे टिळकांनी स्वतःच्या संसारात भोगलं होतं. लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या होत्या.

डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलले. ख्रिस्ताबद्दल त्यांनी आदराने सांगितलं, पण ख्रिस्ती झाल्यावरही जात पाळली जाते यावर बोट ठेवलं. म्हणजे नव्या आयुष्याचा करार झाला तरी जुनं पुरलं जात नव्हतं.

कायद्याने यात वेगळाच पेच टाकला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिश्चनांना नाही. त्यामुळे दक्षिण सोलापुरातल्या वळसंगसारख्या गावातल्या दलित कुटुंबासाठी बाप्तिस्मा हा देवघरापुरता विषय राहत नाही, तो जातीच्या दाखल्यापर्यंत जातो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे पुदुच्चेरीतलं असंच प्रकरण आलं. अर्जदार महिलेचा बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला. आपण हिंदू आहोत, म्हणून अनुसूचित जातीचा दाखला मिळावा, असं तिचं म्हणणं होतं. बाप्तिस्म्याची नोंद आणि चर्चला नियमित जाणं पाहून न्यायालयाने ते फेटाळलं. खरोखर परत यायचं असेल तर पुन्हा हिंदू झाल्याचा आणि मूळ समाजाने स्वीकारल्याचा पुरावा लागतो, असं न्यायालय २०१५ च्या एका निकालातही म्हणालं होतं.

असा पुरावा दिला तरी चर्चच्या लेखी मूळ करार उरतोच. बाप्तिस्मा एकदाच होतो. सोडून गेलेला माणूस वीस वर्षांनी परतला तरी कॅथलिक चर्च त्याच्या डोक्यावर पुन्हा पाणी घालत नाही, आणि नोंदवहीतलं त्याचं नावही खोडत नाही.